दसऱ्याचे सतरा होकार

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजून चार मिनिटांनी मी अकरा हजार चारशे माणसं पुसून टाकली. त्यात वकील होते, गवंडी होते, दोन तहसीलदार होते आणि 'सुस्वभावी, गृहकृत्यदक्ष' या एकाच साच्यातून काढलेल्या चार हजार मुली होत्या. वेळ लागला चार सेकंद.

"काय झालं गं?" पलीकडच्या टेबलावरून लीलाकाकींनी विचारलं. "तोंड का पांढरं पडलंय?"

"उंदीर," मी म्हणाले.

का म्हणाले ते आजही सांगता येणार नाही. खरं म्हणजे 'मी' म्हणायचं होतं. पण तोंडातून उंदीर निघाला आणि एकदा निघालेला उंदीर परत घालता येत नाही. "वायर कुरतडली बहुतेक. सगळं गेलं."

तेरा वर्षं झाली त्याला. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि कराडच्या मांडवशोभा वधूवर केंद्रात कॉम्प्युटर सांभाळत होते. केंद्र लीलाकाकी धायगुडेंचं. एकसष्ट वर्षांच्या, विधवा, आवाज बाजारातला आणि नजर सराफाची. पंचवीस वर्षं तीन जाडजूड रजिस्टरांवर त्यांनी लग्नं जमवली होती. "या जिल्ह्यातली निम्मी भांडणं मीच लावून दिलीत," असं त्या अभिमानाने सांगत. मिरजेला आणि बार्शीला शाखा निघाल्या तेव्हा रजिस्टरं पुरेनात आणि मला नेमलं.

मी तीन गावांत तीन कॉम्प्युटर बसवले. कराडची माणसं कराडच्या मशीनवर, मिरजेची मिरजेच्या, बार्शीची बार्शीच्या. वर सावधगिरी म्हणून प्रत्येकाने इतर दोघांची नक्कल ठेवायची, आणि एकीकडे पुसलेलं तिन्हीकडे पुसायचं. "काकी, एक मशीन जळून खाक झालं तरी बाकी दोघांकडे सगळं शिल्लक," असं मी छाती पुढे काढून सांगितलं होतं. जळण्याचा मी विचार केला होता, गाढवपणाचा केला नव्हता. त्या दिवशी मला लग्न झालेल्यांची नावं काढून टाकायची होती. 'लग्न झालेल्यांची' एवढंच लिहायचं राहिलं. कराडच्या मशीनने सगळी काढली आणि मिरज-बार्शीच्या मशीननी आज्ञाधारकपणे त्याची नक्कल केली.

ते ऐकून मिरज शाखेचे पाटणकर सर फोनवर म्हणाले होते, "तीन मुलांनी एकमेकांचं बघून लिहिलं, की तीन पेपर होत नाहीत, विभा. एकच चूक तीनदा तपासावी लागते." सर पस्तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेले, विधुर, शब्द तोलून मापून टाकणारे. उंदराबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. फक्त "उंदीर एकदम तिन्ही गावांत?" एवढं म्हणाले आणि माझ्या उत्तराची वाट न बघता फोन ठेवला.

नक्कल गेली तरी बॅकअप होता. नक्कल मशीनच्या मागोमाग धावते. बॅकअप म्हणजे एका ठरल्या क्षणी सगळं जसं होतं तसं वेगळ्या डिस्कवर उतरवून बाजूला ठेवलेलं. मी रोज संध्याकाळी सातला तो घ्यायचे. एक छोटा प्रोग्राम तिन्ही मशीनना एकाच वेळी हाक मारायचा, आणि त्या क्षणी एका गावाहून दुसऱ्या गावाला जे वाटेत असेल तेही टिपून ठेवायचा. त्यावर माझा भलताच जीव होता.

पण दसऱ्यासाठी काकींनी तिन्ही शाखांना नव्या डिस्क आणल्या.

"नवीन भांडं हाय," त्या म्हणाल्या. "त्यात पहिलं जे भरायचं ते मुहूर्तावर भरायचं. तुझं सात-बित चालणार न्हाई."

मला दसऱ्याला वडूजला घरी जायचं होतं. सुटी मिळत असेल तर मुहूर्ताशी माझं काय भांडण. बटण कुठलं दाबायचं ते तिन्ही शाखांना फोनवर सांगितलं आणि एसटीत बसले. मागे काकींनी गुरुजींना विचारून नऊ वाजून बारा मिनिटांनी, डिस्कला हळदकुंकू वाहून, बटण दाबलं, दारात आलेल्या दोघातिघांचे होकार कसेबसे चढवले आणि कार्यालयाला कुलूप लावून घरी गेल्या. बार्शीच्या सरोजवहिनींनी विजयमुहूर्त धरला, दुपारी दोन वीस. पाटणकर सर मुहूर्त मानत नसत, म्हणून त्यांनी सकाळची शाळा सुटायची वेळ धरली, पावणेबारा. नव्या डिस्कची माझ्या प्रोग्रामला ओळख नव्हती, त्यामुळे सातला तो मुकाट बसून राहिला. आणि कराडची जुनी डिस्क काकींनी निर्माल्याबरोबर प्रीतिसंगमावर सोडली.

"सोडली म्हणजे?" मी नंतर विचारलं होतं.

"पाण्यात. पायदळी कशाला येऊ द्यायची? एवढ्या लोकांच्या पत्रिका होत्या तिच्यात."

तेव्हा माझ्याकडे उरलं ते मुहूर्तांवर भरलेलं. पुसलं त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत मी तिन्ही डिस्कवरून सगळं परत चढवलं. अकरा हजार चारशे माणसं पुन्हा उभी राहिली. काकींनी पेढे वाटले, माझ्या टेबलाखाली पिंजरा लावला आणि त्यात एक गरम कांदाभजी अडकवली.

दुसऱ्या दिवशी ताजी भजी. तिसऱ्या दिवशी पुन्हा ताजी. बारा दिवस मी त्या वासात काम केलं.

त्या बारा दिवसांत काकींचं काहीतरी बिनसलं होतं. त्यांना कॉम्प्युटरचं वावडं, पण रोज सकाळी आल्या आल्या म्हणत, "पुनर्विवाहाचं पान उघडून ठेव आणि चहा सांगून ये." मी चहा सांगून येईपर्यंत त्या पान बघून आपल्या जागेवर बसलेल्या असत, आणि चेहरा दिवसेंदिवस कडू. आठव्या दिवशी चहावाल्यावर डाफरल्या. दहाव्या दिवशी एका वरपित्याला म्हणाल्या, "मुलगा तुमचा चांगला हाय, पण तुमच्याकडं बघून कोण देईल?" आणि बाराव्या दिवशी एक पत्र माझ्यापुढे टाकलं.

"टाइप कर. मिरज शाखा महिनाअखेर बंद."

"मिरज? काकी, सगळ्यात चांगली चालणारी शाखा आहे ती."

"असू दे."

"सरांनी काही केलं का?"

"त्यांनी काही केलं न्हाई," काकी म्हणाल्या, "तेच."

मी टाइप करायला घेतलं. मिरजेला सर सकाळी सातला केंद्र उघडत, स्वतः झाडून घेत आणि येणाऱ्या प्रत्येक आईबापाला खुर्ची पुसून देत. बायको गेल्यापासून तेवढंच त्यांना होतं. पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत फोन वाजला. सरच होते.

"विभा, एक आकडा हवाय. दसऱ्याच्या दिवशी मिरजेहून कराडला किती होकार पोचले?"

इथे केंद्राची रीत सांगायला हवी. नाव-पत्ता लपवलेला, प्रत्येकाला फक्त नंबर. एका गावच्या नंबराला दुसऱ्या गावचा नंबर पसंत पडला की विचारणा जायची आणि उलट होकार यायचा, सगळा केंद्रामार्फत. लोक फोन करून किंवा येऊन सांगत आणि शाखेतला माणूस ते कॉम्प्युटरवर चढवे. दोन्हीकडून होकार झाल्याशिवाय एकमेकांशी बोलायचं नाही. दसरा चांगला दिवस, म्हणून होकारांचा नुसता पाऊस.

मी बघितलं. "नऊ, सर."

"माझ्याकडून गेलेले सव्वीस आहेत."

"चुकून दोनदा मोजले असतील."

"मी," सर म्हणाले, "मोजताना चुकत नाही." मग जरा थांबून, "सतरा कुठे गेले ते तेवढं बघ. घाई नाही." आणि लगेच, "म्हणजे आज बघितलंस तर बरं."

मी वेळा काढल्या. पोचलेले नऊच्या नऊ सकाळी नऊ बाराच्या आतले होते. न पोचलेले सतरा त्यानंतरचे. मिरजेच्या डिस्कला पावणेबारापर्यंतचं सगळं ठाऊक होतं, कराडची डिस्क नऊ बाराला डोळे मिटून बसलेली. मधल्या अडीच तासांत मिरजेहून जे निघालं ते मिरजेच्या वहीत 'पाठवलं' म्हणून होतं आणि कराडच्या वहीत आलंच नव्हतं. मिरजेचं मशीन म्हणत होतं माझं काम झालं, कराडचं म्हणत होतं मला काही माहीत नाही, आणि दोघंही आपापल्या जागी खरं बोलत होते. बार्शीची लाइन देवकृपेने त्या दिवशी बंद होती, तिकडचं काही निघालंच नव्हतं. कराडहून मिरजेला गेलेल्यांचं उलट झालं होतं. तिथे होकार पोचला होता, पण कराडला तो दिल्याची नोंद नव्हती. त्यातल्या एका मुलीच्या वडिलांना आम्ही 'निर्णय कळवा' म्हणून पुन्हा पत्र पाठवलं, तर ते म्हणाले, "दोनदा होकार द्यायला ही काय निवडणूक आहे?" मी ते हसण्यावारी नेलं होतं.

सगळ्यात वाईट म्हणजे बारा दिवसांत या सतरांपैकी एकानेही तक्रार केली नव्हती. करणार कशी? आपल्याकडे लग्नाच्या बाबतीत नकार कुणी देत नाही. नुसतं कळवत नाहीत. उत्तर आलं नाही की समजायचं, आणि पुन्हा विचारून हलकं व्हायचं नाही. मिरजेची सतरा घरं समजून चुकली होती की कराडला आपण पसंत नाही, आणि कराडची सतरा घरं समजून चुकली होती की मिरजेला आपण पसंत नाही. सतरा ठिकाणी मान खाली घालून लोक दुसरं स्थळ बघायला लागले होते, आणि हे दुरुस्त करायचं तर मला पहिल्यापासून सांगावं लागणार होतं.

टेबलाखालची भजी नाकात गेली. मी उठले.

"काकी, मिरजेचं पत्र थांबवा. चूक सरांची नाही."

"कसली चूक?"

"त्या दिवशी उंदीर नव्हता. मी पुसलं सगळं. माझ्या हातून."

काकींनी चष्मा काढला. "ठाऊक हाय."

"काय?"

"या इमारतीत सोळा वर्षं मांजर हाय, विभे. उंदीर येऊन वायर खातोय व्हय?"

"मग रोज भजी कशाला लावत होता?"

"तू कधी सांगतीस ते बघत हुते. बारा भजी लागली."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लाज वाटली, आणि सुटल्यासारखंही वाटलं. काकींनी तिकडे लक्ष दिलं नाही. "पुढचं सांग. रडायला तू काय पोरगी न्हाईस, पगार घेतेस."

मी सांगितलं. काकींना समजेना. नऊ बारा आणि पावणेबारा यात बिघडलं काय, दोन्ही वेळा चांगल्याच होत्या. शेवटी मी म्हणाले, "लग्नात घरच्यांचा एकत्र फोटो काढतात ना? समजा फोटोग्राफरने सगळ्यांना एकत्र न बसवता डावी बाजू सकाळी काढली, उजवी दुपारी, आणि दोन्ही चिकटवल्या. मधल्या वेळात मामा उजवीकडून उठून डावीकडे गेला, तर?"

"मामा फोटोतच न्हाई," काकी हळूच म्हणाल्या.

"सकाळी डावीकडे नव्हता, दुपारी उजवीकडे नाही. आणि तोच डावीकडून उजवीकडे गेला असता, तर दोनदा आला असता."

"आणि मामा बिचारा म्हणतोय मी तर लग्नाला आलोय."

"तसे सतरा मामा आहेत, काकी."

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "यादी काढ. फोन लाव. एकेकाला मी बोलते."

ती दुपार मी विसरणार नाही. काकींनी एकालाही कॉम्प्युटरचं नाव सांगितलं नाही, डिस्कचं नाही, मुहूर्ताचं तर नाहीच. "बातमी वाटेत अडकली हुती, दोष आमचा," एवढंच. एक आई फोनवर मोठ्याने रडली. एक वडील म्हणाले, आम्ही कालच दुसरीकडे सुपारी फोडली, आता काय उपयोग. तेव्हा काकी म्हणाल्या, "माझ्यामुळं झालं, दादा. मुलगी सुखात राहू दे." त्यांना कुणाची माफी मागताना मी पहिल्यांदा ऐकलं. तिसऱ्या घरी तर मुलगाच फोनवर आला आणि त्याने विचारलं की आता स्वतः बोलायला चालेल का. काकींनी त्याला रीत मोडायची परवानगी दिली.

साडेचारपर्यंत सोळा झाले. सतरावा कागद माझ्या हातात उरला.

"काकी, याला फोन कुठे लावायचा? पुनर्विवाह विभाग, क-४०२. फोन नंबरच नाही. पत्त्याच्या जागी 'कार्यालयात' लिहिलंय. नाव गुप्त ठेवलंय."

काकी पाण्याचा तांब्या शोधायला लागल्या. तो त्यांच्या समोरच होता.

"अर्ज कुणी भरून घेतला हा?" मी वाचत गेले. "जात, 'बघू'. असं कुठे लिहितात का? जातीचा रकाना रिकामा चालत नाही म्हणून तुम्हीच तर सक्ती करायला लावली होती मला. आणि अपेक्षा, 'चहा स्वतःचा स्वतः करता यावा. फार बोलू नये. बोलल्यास खरं बोलावं.' काकी, हा अर्ज कुणाचा..."

मग मला उमगलं.

"होकार कुणाचा हाय?" काकींनी विचारलं. आवाज त्यांचा नव्हता.

"म-२२०."

तो नंबर आम्हा दोघींनाही पाठ होता. गेल्या वर्षी काकींनीच दटावून अर्ज भरून घेतला होता. वधूवर केंद्रात बसून स्वतः एकटे राहता, गिऱ्हाइकांना काय वाटेल, म्हणून.

"काही लिवलंय?"

"लिहिलंय." मी कागद त्यांच्यापुढे धरला, पण चष्मा टेबलावर होता आणि तो घ्यायचं त्यांना सुचत नव्हतं. म्हणून मीच वाचलं. "'चहा येतो. साखर विचारून घालीन. जातीचं मीही बघू म्हणतो.'"

बाहेर रस्त्यावर कुणीतरी भंगार घेत हिंडत होता. तो दोनदा ओरडून गेला.

"वेळ काय त्यावर?"

"दहा पन्नास."

"आणि माझा मुहूर्त नऊ बारा." त्यांनी बोटांवर मोजलं, जणू वजाबाकीत काही सवलत मिळेल. "पावणेदोन तास थांबले असते तर. बारा दिवस मी त्या माणसाला शिव्या घालतीय, विभे. मनात. काय काय म्हटलं असंल. शाखा बंद करायला निघाले त्याची. आणि तो तिकडं बसून..." त्यांनी पदराने डोळे पुसले, आणि मग त्याच पदराने टेबलही पुसलं, म्हणजे पदर मुळात टेबलासाठीच काढला होता असं वाटावं.

तिकडं बसून सर मोजत होते. ते मला तेव्हा कळलं. सव्वीसमधून नऊ वजा करणारा माणूस सतरांसाठी फोन करत नव्हता. त्याला एकच हवा होता. पण एक मागायची रीत नाही, म्हणून त्याने सतरा मागितले.

"फोन लाव मिरजेला," काकी म्हणाल्या.

मी लावला आणि उठून जायला लागले, तर त्यांनी खूण करून बसवलं. एकटीने बोलायचा धीर नव्हता.

"मास्तर, लीला धायगुडे बोलतीय." त्यांनी सतरावा कागद पुढे ओढला. "तुमचा कागद आज पोचला." मग चष्मा लावला. "साखर दोन चमचे. दर खेपेला विचारत बसू नका."

तिकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. काकी मात्र हसल्या आणि फोन ठेवल्यावरही काही वेळ हसतच होत्या.

मग त्यांनी माझं अर्धवट टाइप केलेलं पत्र मागून घेतलं आणि चार तुकडे केले. "आजपासनं बॅकअप सातला. तिन्हीकडं सात. गुरुजी काय का म्हणंनात. आणि तो पिंजरा उचल आता, वास मारतोय."

दिवाळीनंतर साताऱ्याला रजिस्टर पद्धतीने त्यांचं लग्न झालं. साक्षीदार मी, सरोजवहिनी आणि सरांचा एक जुना विद्यार्थी, जो गणितात नापास झाला होता आणि सरांना अजून भीत होता. गुरुजींना काकींनी मुद्दाम बोलावलं, पेढा दिला आणि मुहूर्त विचारला नाही. धायगुडे आणि पाटणकर या नावांवरून दोन्हीकडच्या नातेवाइकांनी जे तोंड वाकडं केलं, त्याला काकींचं एकच उत्तर होतं, "तो रकाना मी काढून टाकलाय." खरोखरच काढायला लावला. गिऱ्हाइकं थोडी कमी झाली, पण केंद्र बुडालं नाही.

मी आता पुण्यात असते. माझ्याकडे तीन नाही, तीनशे मशीन आहेत, आणि बॅकअप घेतला एवढ्यावर मी झोपत नाही. तो परत चढवून, गेलेलं आणि आलेलं ताडून बघते. नवीन मुलं मला त्यावरून हसतात.

दर दसऱ्याला सकाळी दहा पन्नासला सरांचा मेसेज येतो, 'सोनं घ्या, सोन्यासारखं राहा.' आणि पुढच्याच मिनिटाला त्यांचा फोन.

"पोचलं का?"

"पोचलं, सर."

मागून काकींचा आवाज येतो. चौऱ्याहत्तर झाल्या, पण बाजार तसाच आहे. "तिला म्हणावं, पोचलं तर उलट लिहून पाठव. नुसती गप बसू नकोस."

मी लिहून पाठवते. त्यांना पोचल्याचं कळेपर्यंत फोन ठेवत नाही.